रजनीबाईंची तब्येत

कराड
९ जानेवारी २०२५

सौ. वृंदाताई विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र बघून आश्चर्य वाटेल. घरात फोन असताना हिला पत्राची उबळ कुठून आली, असं विनायकराव म्हणतील. पण आमच्याकडे फोन स्पीकरवरच चालतो. ह्यांना ऐकू कमी येतं आणि ऐकायची हौस मात्र भारी, त्यामुळे बायकांचं काही बोलायची सोय नाही. शिवाय माझी सगळी नोकरी पोस्टात झाली. बंद पाकिटावर जेवढा भरवसा आहे तेवढा त्या व्हॉट्सॲपवर नाही.

विषय नाजूक आहे. ऋताच्या लग्नाला तीन वर्षं होतील. ती तुमच्याजवळ आहे म्हणून मी निर्धास्त असते. पण एक गोष्ट आई म्हणून माझ्याकडून राहून गेली. कलकत्त्यात तिच्यासाठी एखादी चांगली स्त्रीरोगतज्ज्ञ बघून ठेवाल का? दुखलंखुपलं म्हणून नव्हे. काही होत नसतानाही ठरावीक वर्षांनी तपासून घ्यावं, असं टीव्हीवर एक डॉक्टरीणबाई सांगत होत्या. किती वर्षांनी ते सांगणार, तेवढ्यात ह्यांनी बातम्या लावल्या.

डॉक्टर बाईच हवी. गोड बोलणारी असावी, घाबरवणारी नको. वयस्कर, पाळी गेलेल्या बायकांनाही बघणारी असली तर उत्तम, म्हणजे हाताला अनुभव असतो. ऋताशी इतक्यात काही बोलू नका, ती चिडते.

इंद्रायणी तांदूळ वेगळ्या पार्सलने पाठवला आहे. पहिल्या भाताला पाणी थोडं कमी घाला.

आपली,
सुनंदा


सॉल्ट लेक, कलकत्ता
२४ जानेवारी २०२५

प्रिय सुनंदाताई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा ओळी वाचल्या आणि एकदा ओळींच्या मधलं वाचलं. आईला आधी कळतं हेच खरं. मी काही विचारणार नाही. ‘इतक्यात बोलू नका’ असं लिहिलंत, त्यातच सगळं आलं.

तेव्हापासून मी ऋताला जड उचलू देत नाही. पाण्याचे कॅन अनीश आणतो. पपई घरात आणणं बंद केलंय. परवा ती विचारत होती, “आई, हल्ली पपई का नसते?” मी म्हटलं, महाग झाली. लिफ्ट बंद होती त्या दिवशी तिचा लॅपटॉप मी चार मजले वर आणला. ती माझ्याकडे अशी बघत होती की जणू मलाच बरं नाहीये.

आता डॉक्टरचं. मी ठरवलं, सुनेला पाठवायच्या आधी आपण पेशंट होऊन पारख करायची. इथे नावाजलेले डॉक्टर औषधाच्या दुकानामागच्या चेंबरमध्ये बसतात. सकाळी दुकानात जाऊन नाव लिहून यायचं आणि संध्याकाळी आपला नंबर येईपर्यंत बाकावर बसायचं. ह्यांच्या खिदिरपूरच्या कस्टम्स ऑफिसातल्या एकांनी बागबाजारचे एक बुजुर्ग डॉक्टर सुचवले. बाई नव्हेत, पण म्हटलं बघू या. एकटी कशी जाणार म्हणून ह्यांना घेऊन गेले, तिथेच चुकलं. डॉक्टरांनी सगळं ह्यांनाच विचारलं. पेशंटचं वय काय? हे म्हणाले, अठ्ठावन्न. मी छप्पन आहे. मुलं किती? हे म्हणाले, एक, आणि खुर्चीत जरा ताठ बसले. पाळी कधी थांबली? ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं तोंडी परीक्षेला पोरगं शेजारच्याकडे बघतं. शेवटी मी हिंदीत म्हटलं, “डॉक्टरसाहेब, पेशंट मी आहे.” त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं आणि मला बौदी, म्हणजे वहिनी, करून ह्यांना सांगितलं, “बौदी थोड्या घाबरल्यात. कॅल्शियम देतो.”

मग मैत्रिणीच्या सांगण्यावरून एका चकाचक ठिकाणी गेले. तिथे डॉक्टर भेटायच्या आधी पॅकेज भेटतं. सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मी विचारलं, प्लॅटिनममध्ये जास्त काय? काउंटरवरची मुलगी म्हणाली, नाश्ता.

बारा वर्षं झाली इथे, पण माझं बंगाली बाजारातच राहिलं. माशाचं डोकं, पोट, शेपूट सगळं सांगता येतं. माणसाच्या पोटाविषयी बोलायची वेळ आली की शब्द संपतात. तरी शोध चालू आहे. तुम्ही निश्चिंत राहा आणि गोड बातमी द्यायचा मान आपण ऋतालाच देऊ.

तांदूळ मिळाला. फार सुरेख भात झाला.

तुमची,
वृंदा


कराड
१ फेब्रुवारी २०२५

सौ. वृंदाताईंना सप्रेम नमस्कार.

पत्र वाचून आधी हसले आणि मग कपाळाला हात लावला. अहो, तसं काही नाही. निदान मला तरी ठाऊक नाही. मी खरोखर नुसत्या तपासणीबद्दल लिहिलं होतं. कृपा करून पपई घरात आणा. ऋताला काय वाटत असेल कोण जाणे.

पण शोध सोडू नका. नाश्त्याशिवाय तपासणारं कोणीतरी असेलच की एवढ्या मोठ्या शहरात.

आणि सापडलीच चांगली डॉक्टर, तर तिला एक विचारायचं होतं. आमच्या शेजारी रजनीबाई राहतात. माझ्याच वयाच्या. पाळी जाऊन सहा वर्षं झाली. गेल्या महिना-दीड महिन्यात त्यांना दोन-तीनदा डाग दिसला. अगदी थोडा. दुखत नाही, खुपत नाही. उष्णतेनं असेल असं त्यांचं म्हणणं. सब्जा घेतात, गुलकंद खातात. इथल्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे ते त्यांच्या मिस्टरांच्या सकाळच्या फिरण्यातले. रोज बाकावर शेजारी बसणाऱ्या माणसाकडे हे कसं घेऊन जायचं, असा त्यांना संकोच. तर असं उष्णतेनं होतं का, एवढंच विचारा. घाई नाही.

आपली,
सुनंदा


सॉल्ट लेक
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय सुनंदाताई,

माझी चांगलीच फजिती झाली, ती आधी सांगते.

तुमचं पत्र यायच्या आधीच, सरस्वती पूजेच्या रविवारी, जेवताना ऋतानं ताट बाजूला सारलं आणि विचारलं, “आई, सगळं नीट आहे ना? तुम्ही मला अंड्यासारखं का सांभाळताय?” मग मला सांगावंच लागलं, की तुझ्यासाठी डॉक्टर शोधतेय. ती म्हणाली, “मला डॉक्टर आहे. ऑफिसजवळ, सेक्टर फाइव्हपासून दोन स्टॉप. लग्नाआधीच सर्व्हायकल कॅन्सरची लस घेतली. गेल्या वर्षी तपासणी झाली, पुढची दोन वर्षांनी.” आणि मग अगदी सहज विचारलं, “तुमची कधी झाली होती?”

मी कुकर बघायला उठले. कुकर लावलेलाच नव्हता.

म्हणजे आपण दोघी आया तिची काळजी करत बसलो आणि घरात शहाणी तीच एक निघाली. मला जरा लागलंही. आम्हाला न विचारता हिनं डॉक्टर केलीच कशी? म्हणून त्या डॉक्टर घोषालबाईंची पारख करायला मी एकटीच गेले. पन्नाशीच्या असतील. कॉटनची साडी, केस आखूड, बोलणं अजिबात गोड नाही.

मी म्हटलं, “सुनेसाठी तुम्हाला बघायला आलेय.”

“बघा,” त्या म्हणाल्या. “झालं बघून? आता मी तुम्हाला बघते. शेवटची तपासणी कधी केलीत?”

“अनीशच्या वेळी.”

“अनीश केवढा आहे?”

“एकतीस.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “इतकी वर्षं का नाही केली?”

“काही झालंच नाही.”

“ते तुम्हाला कसं कळलं?”

सुनंदाताई, मला वादात हरवणं सोपं नाही, तुम्ही लग्नाच्या याद्यांच्या वेळी पाहिलंयत. पण ह्यावर मी गपचूप टेबलावर चढले. गर्भाशयाच्या तोंडाशी कापसाच्या काडीसारखं काहीतरी फिरवतात, झालं. दुखलं म्हणावं तर नाही, अवघडल्यासारखं झालं इतकंच. चहाला उकळी यायला जास्त वेळ लागतो. मग त्यांनी छाती तपासली, मॅमोग्राफीची चिठ्ठी दिली, रक्तदाब, साखर, हाडं सगळ्याचं विचारलं. पाळी गेली की डॉक्टरशी संबंध संपला असं मी धरून चालले होते. त्या म्हणाल्या, उलट, आता तर ठेवायचा.

निघताना तुमच्या रजनीबाईंचं विचारलं. तोवर त्या माझ्या बंगालीला हसत होत्या. हे ऐकलं आणि हसणं थांबलं. म्हणाल्या, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब दिसला तरी दाखवायचंच. बहुतेक वेळा किरकोळ निघतं. पण किरकोळ आहे की नाही हे घरी बसून कोणालाच ठरवता येत नाही, मलाही नाही. उष्णता, सब्जा, गुलकंद सगळं सांगितलं मी. त्या म्हणाल्या, “गुलकंद चांगला असतो. तो खाऊन याच आठवड्यात डॉक्टरकडे जायला सांगा.”

तर रजनीबाईंना तेवढं पाठवा. पुरुष डॉक्टर नको तर सातारा आहे, कोल्हापूर आहे.

तुमची,
वृंदा


कराड
२४ फेब्रुवारी २०२५

सौ. वृंदाताईंना सप्रेम नमस्कार.

ऋताचं वाचून फार बरं वाटलं. माझ्याशी कधी बोलली नाही. मीही कधी विचारलं नाही म्हणा.

रजनीबाईंना निरोप दिला. जातील त्या. त्यांच्याकडे मुंज आहे, घरात पाहुणे, त्यामुळे ती पार पडली की. त्यांनी दोन-चार गोष्टी विचारायला सांगितल्या आहेत. त्या तपासणीत भूल देतात का? मिस्टरांची सही लागते का? वाईट निघालं तर तिथल्या तिथे सांगतात, की घरच्यांना बाहेर बोलावून सांगतात? आणि परगावी असलेल्या मुलीला कळवलंच पाहिजे का? तिला सुट्टी काढून यावं लागेल, नोकरी नवी आहे, असं त्यांच्या मनात येतं.

तुमच्या तपासणीचा रिपोर्ट काय आला ते लिहिलं नाहीत. आला असेल एव्हाना.

आपली,
सुनंदा


सॉल्ट लेक
५ मार्च २०२५

सुनंदाताई,

काल संध्याकाळी चहा गाळता गाळता मी ऋताला विचारलं, तुमच्या शेजारच्या रजनीबाईंकडे मुंज कोणाची आहे ग? ती म्हणाली, “रजनीकाकू? त्या तर दिवाळीपासून बेंगळुरूला आहेत, केदारदादाकडे. घराला कुलूप आहे.”

कप भरून चहा बशीत आला, बशीतून ओट्यावर आला, तेव्हा ऋतानंच माझ्या हातातून पातेलं घेतलं.

सुनंदा, तू जन्मभर पोस्टात नोकरी केलीस. एकाचं पाकीट दुसऱ्याच्या दारात टाकायचं नाही, हे मी तुला सांगायचं? मग स्वतःचं दुखणं रजनीच्या कुलूप लावलेल्या घरात टाकून मोकळी कशी झालीस? आणि मुंज काढलीस. पाहुणे काढलेस. जानेवारीपासून तुझं हे चाललंय आणि आज मार्च उजाडला.

मला राग आलाय आणि तो जाईपर्यंत मी तुला ‘अहो’ म्हणणार नाही.

आता माझं. रिपोर्ट आलाय. गेल्या महिन्यातच आला. त्यात काही पेशी जशा हव्यात तशा नाहीत. कॅन्सर आहे असं नाही आणि नाही असंही अजून म्हणता येत नाही. १२ तारखेला दुर्बिणीतून बघणार आहेत आणि लागलं तर तुकडा काढून तपासायला पाठवतील. मी हे घरात कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, अनीशला नाही, ऋतालाही नाही. रिपोर्ट साड्यांच्या कप्प्यात ठेवलाय. म्हणजे तुला बोलायचा मला अधिकार नाही, हे कळतंय. तरी बोलतेय.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं डॉक्टर घोषालना फोन करून विचारली. आधी सोनोग्राफी होते, तिला भूल लागत नाही. नंतर आतला नमुना घ्यायचा ठरला तर भूल द्यायची की नाही ते डॉक्टर बघून सांगतात. नवऱ्याची सही लागत नाही. जे असेल ते तुलाच सांगतात. बाई आधी, घरचे नंतर. मुलीला कळवायचं की नाही हे डॉक्टर ठरवत नाहीत.

मी ऋताला तुझं काही सांगितलेलं नाही. ते तू सांगायचं. आज ह्यांना आणि तिला मी माझं सांगते. तू रमेशरावांना सांग आणि डॉक्टरकडे जा. या महिन्यात गेली नाहीस तर मी कराडला येईन. आणि मी आले की महिनाभर हलत नाही, हे अनीशला विचार.

वृंदा


कराड
१७ मार्च २०२५

वृंदाताई,

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा हे समोर बसून पेपर वाचत होते. मी म्हटलं, मला तुम्हाला काही सांगायचंय. हे म्हणाले, काय? मी हळू आवाजात सांगितलं. काय? जरा मोठ्यानं सांगितलं. कोणाचं रक्त? शेवटी देवाचं नाव घेतलं आणि ओरडले, “माझं. पाळी गेल्यावर सुद्धा मला रक्त जातंय.”

जिन्यात कोणीतरी चढत होतं, ते थांबलं. वरच्या मजल्यावरचा मिक्सर बंद झाला. इतके दिवस ज्याला जपलं ते एका दमात साऱ्या बिल्डिंगला पोचतं केलं.

ह्यांनी पेपरची घडी केली. “कधीपासून?” मी सांगितलं. हे उठून आत गेले आणि इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले. म्हणाले, “चल.” मी म्हटलं, आत्ता? अहो, भात व्हायचाय. तर म्हणाले, “मला ऐकू येत नाही म्हणून तू सांगितलं नाहीस का?” वृंदाताई, मला त्याचं फार वाईट वाटलं. मी नाही म्हटलं, पण ते त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे.

साताऱ्याला गेलो. डॉक्टर तरुण आहे, ऋतापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिनं ह्यांना बाहेर बसवलं आणि मला विचारलं, आजी, इतके दिवस काय उपाय केलात? मी सब्जा म्हटल्यावर तिनं तेही लिहून घेतलं. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर जाड दिसलं. परवा थोडी भूल देऊन नमुना काढला. रिपोर्टला वेळ आहे. फाटकाशी माणूस दिसला की रिपोर्टच आला म्हणून मी दाराशी जाते, आणि असतो तो केबलवाला.

तुमचं बारा तारखेचं काय झालं? राग असला तरी तेवढं लिहा.

सुनंदा


सॉल्ट लेक
२६ मार्च २०२५

प्रिय सुनंदाताई,

राग गेला. म्हणून ‘ताई’.

त्या संध्याकाळी घरात सांगितलं. हे उठून फेऱ्या घालायला लागले आणि मग म्हणाले, बागबाजारच्या डॉक्टरांचं मत घेऊ या. ऋतानं आणि मी एकदमच ‘नको’ म्हटलं. मग ऋतानं तिच्या एका जुन्या वहीचं पान फाडून, त्यावर चित्र काढून पुढे काय काय होणार ते ह्यांना आणि अनीशला नीट समजावलं. दोन मोठी माणसं ओळीनं बसून ऐकत होती. अनीशनं हात वर करून शंका विचारली.

१२ तारखेला ती रजा टाकून माझ्याबरोबर आली. दुर्बिणीतून बघितलं, तुकडा काढला. पेशी बदलायला लागल्या होत्या, कॅन्सर मात्र झालेला नव्हता. तशीच राहिले असते तर पुढे कदाचित झाला असता, असं डॉक्टर म्हणाल्या. परवा तेवढा भाग काढून टाकला. सकाळी गेलो, दुपारी ऑटोनं घरी. पोटात थोडं ओढल्यासारखं वाटतं, बाकी ठीक. सहा महिन्यांनी परत बघायचं. मॅमोग्राफी चांगली आली.

तिथे बाकावर बसले असताना मला भीती वाटत होती. ऋताला म्हटलं, काहीतरी बोल. तर ती तुमच्याविषयी बोलत बसली. तुम्ही तिला सायकल शिकवताना स्वतःच पडला होता आणि पोस्टात पाय बांधून गेला होता, ते सांगत होती. मी ऐकत होते आणि तोंडातून काही निघू नये म्हणून ओठ दाबून होते. सुनंदाताई, रिपोर्ट काहीही येवो, तिला आता सांगा. मला तिच्यापासून लपवणं दिवसेंदिवस जड जातंय.

वाट बघतेय.

वृंदा


कराड
४ एप्रिल २०२५

प्रिय वृंदाताई,

पाडवा झाला आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर नाही. अस्तर वाढलंय, ते तसंच सोडणं बरं नव्हतं, म्हणून सहा महिने गोळ्या आणि मग पुन्हा नमुना. डॉक्टरनं हे मला सांगितलं, मग मी बाहेर येऊन ह्यांना सांगितलं. ह्यांना पहिल्या वेळीच ऐकू गेलं.

पाठोपाठ वरच्या मजल्यावरच्या दोघी खाली आल्या. साखर मागायला म्हणून आल्या आणि डॉक्टरचा नंबर घेऊन गेल्या. साखर इथेच राहिली.

त्याच दिवशी ऋताला फोन केला. स्पीकर बंद करून, आयुष्यात पहिल्यांदा. सगळं सांगितलं. ती रडली आणि मग भांडली. म्हणाली, “मी तुझी मुलगी. मला सोडून तू सासूबाईंना सांगितलंस?” मी म्हटलं, त्यांनाही मी कुठे सांगितलं, त्यांनी ओळखलं. तर म्हणाली, “पण पत्र त्यांनाच लिहिलंस ना?”

मग जे खरं होतं ते सांगितलं. तुला सांगितलं असतं तर तू घाबरली असतीस. तुला घाबरलेली बघून मी म्हटलं असतं, काही नाही ग, बरी आहे मी. आणि तुला धीर देता देता ते मलाही खरं वाटायला लागलं असतं. वृंदाताईंना धीर द्यायची सोयच नव्हती. त्या रागावल्या. इतकं कोणी माझ्यावर रागावलं नव्हतं, माझी आई गेल्यापासून.

पलीकडे ऋतानं नाक शिंकरलं. मग म्हणाली, “पुढच्या वेळी मला रागावता येईल इतकं तरी आधी सांग.”

सांगेन म्हणाले.

तुमची,
सुनंदा